वाटी ठरली की स्वयंपाक सोपा

पाककृतीच्या पुस्तकात प्रमाण छापता येते, क्रम छापता येतो. घरची वाटी केवढी, शेगडीची आच कशी आणि नळाला पाणी कुठले, हे छापता येत नाही. पुस्तक समोर ठेवून स्वयंपाक शिकणाऱ्याचे गाडे बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी अडते. मग कधी पुस्तकाला बोल लागतो, तर कधी ‘माझ्या हाताला चवच नाही’ असा निकाल लावून पुस्तक फडताळात जाते.

भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद या भागात आज अशी पुष्कळ मराठी घरे आहेत. नवरा-बायको दोघेही शाळेत, बँकेत, दवाखान्यात नाहीतर कारखान्यात कामाला. आई किंवा सासू गावाकडे, शेतावर. सकाळी मुलांचा डबा, संध्याकाळी गृहपाठ आणि त्यातच स्वयंपाक. शिकवायला शेजारी कुणी नाही, म्हणून पुस्तक आणले जाते. ते छापलेले असते पुण्या-मुंबईत आणि बाजार असतो बिदर-कलबुर्गीचा. हे दोन्ही कसे जुळवायचे, ते एकेक पायरीने पाहू.

पुस्तक कोणते घ्यावे

पाककृती लिहून ठेवणे या मातीला नवे नाही. बसवकल्याण म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. इथला राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात उडदाची इड्डरिका आहे, धोसक आहे, मंडक आणि पूरिकाही आहेत. पण तो राजाच्या मुदपाकखान्याचा ग्रंथ. ज्याने कधी चूल पेटवली नाही त्याला हाताशी धरून शिकवणे हा त्याचा हेतू नव्हता.

ते काम छापील पुस्तकांनी केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि घरोघर पोचले. त्यात मापे दिली होती वाटीची आणि चमच्याची. स्वयंपाकघरात तराजू नसतो, वाटी असतेच, हे त्यामागचे साधे शहाणपण.

नवशिक्याने पुस्तक निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. मापे वाटी-चमच्यात आहेत का? एवढे साहित्य किती माणसांना पुरेल ते सांगितले आहे का? आणि पदार्थ झाला हे ओळखायची खूण दिली आहे का? ‘दहा मिनिटे परता’ एवढ्यावर थांबणाऱ्या पुस्तकापेक्षा ‘कांदा गुलाबी होऊन कडेने तेल सुटेपर्यंत परता’ असे सांगणारे पुस्तक नवख्याच्या जास्त कामाचे. मिनिटे आचेप्रमाणे बदलतात, तेल सुटण्याची खूण बदलत नाही.

आजेसासूबाईंचे जुने पुस्तक हाती लागले, तर त्यात शेर, छटाक, तोळे भेटतील. दशमान वजनांचा कायदा १९५६ चा, त्याआधीची ही मापे. एक तोळा म्हणजे सुमारे ११.७ ग्रॅम, पाच तोळ्यांची एक छटाक म्हणजे साधारण ५८ ग्रॅम आणि ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. एवढे पहिल्या पानावर लिहून ठेवले की ते पुस्तकही वापरता येते.

आधी आपली वाटी मोजा

स्टीलच्या वाट्या शंभर मिलिलिटरपासून दोनशेपर्यंत कुठल्याही मापाच्या असतात. पुस्तकाची वाटी आणि आपली वाटी वेगळी असली तरी बिघडत नाही, मात्र डाळ एका वाटीने आणि पाणी दुसरीने मोजले की सगळे बिघडते. म्हणून एकच वाटी ठरवून ती ‘मापाची’ म्हणून बाजूला काढावी. तिच्यात मुलांना खाऊ देऊ नये, नाहीतर ऐन वेळी ती सापडत नाही.

ती केवढी आहे हे कळायला नंदिनी दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी पुरते. दूध तापवायच्या पातेल्यात ओतण्याआधी वाटीने मोजून घ्यावे. तीन वाट्या भरून चौथी तृतीयांश भरली, तर वाटी १५० मिलिलिटरची. अशा वाटीत तूरडाळ किंवा तांदूळ साधारण सव्वाशे ग्रॅम मावतो, ज्वारीचे पीठ ८०-९० ग्रॅम. पुस्तकात ग्रॅममध्ये माप आले तर एवढी माहिती कामाला येते.

कृती दोनदा वाचायची

पहिल्या वाचनात फक्त थांबण्याचे शब्द शोधावेत: भिजवून, मुरवून, आंबवून, निथळून, गार झाल्यावर. यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी. संध्याकाळी सातला घरी येणाऱ्याला ‘रात्रभर भिजवलेले हरभरे’ हे शब्द साडेसातला दिसले, तर तो पदार्थ त्या दिवशी होणे नाही.

दुसऱ्या वाचनात साहित्याची यादी आणि कृती ताडून पाहावी. ‘कोथिंबीर बारीक चिरून’, ‘दाण्याचे कूट’, ‘चिंचेचा कोळ’ ही यादीत एकेक ओळ दिसते, पण ते प्रत्येक स्वतंत्र काम आहे. शेगडी पेटवण्याआधी ही कामे संपवावीत. तेल तापल्यावर कढीपत्ता धुवायला गेले की मोहरी करपते.

पहिला धडा: वरण-भात

सुरुवात वरण-भाताने करावी. गुलबर्गा तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे उत्तम डाळ दारात आहे, आता ती शिजवण्याचा प्रश्न.

एक वाटी डाळ दोन-तीन पाण्यांनी धुवून अर्धा तास भिजवावी. अडीच ते तीन वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चार थेंब तेल. तेलामुळे फेस कमी होतो आणि तो शिट्टीच्या नळीत जाऊन बसत नाही. कुकरच्या तळाशी दोन बोटे पाणी घालून खाली डाळीचे भांडे आणि वर भाताचे ठेवावे. तांदळाला दुप्पट पाणी, तांदूळ नवा असेल तर थोडे कमी. डाळ भांड्याविना थेट कुकरमध्ये शिजवायची असेल, तर कुकर निम्म्याच्या वर भरू नये, कारण डाळ फुगते आणि फेसाळते. झाकण लावण्याआधी शिट्टीच्या नळीतून उजेड दिसतो का, हे रोज पाहावे.

कुकरने वेळ का वाचतो? बिदर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या जरा खालीच उकळते आणि कितीही आच लावली तरी त्याहून तापत नाही. कुकरमध्ये कोंडलेल्या वाफेचा दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाते. डाळ शिजते ती या वाढलेल्या तापमानामुळे. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडल्याची खूण. मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतात, बारीक आचेवर सावकाश, म्हणून ‘चार शिट्ट्या’ हे माप दोन घरांत सारखे निघत नाही. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून घड्याळाची दहा-बारा मिनिटे मोजावीत, मग बंद करून दाब आपोआप उतरू द्यावा. दाब असताना झाकणाशी झटापट करू नये.

एवढे करूनही डाळ दाणेदार राहिली तर पाण्याकडे पाहावे. शहाबादी फरशी मराठी माणसाला ठाऊक आहे. शहाबाद, वाडी, सेडम या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडीचे थर आहेत, त्यावरच तिथले सिमेंटचे कारखाने उभे राहिले. चुनखडीतून झिरपलेले पाणी जड होते. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसत असेल, तर आपले पाणी जड आहे असे समजावे. डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने एकमेकींना धरून असतात. शिजताना ते विरघळते आणि डाळ मऊ होते. जड पाण्यातले कॅल्शियम त्याला आणखी घट्ट करते. अशा घरी डाळ आरओ यंत्राच्या पाण्यात भिजवून त्याच पाण्यात शिजवावी. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यानेही डाळ लवकर शिजते, पण त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि चवही बदलते, म्हणून त्याची सवय लावू नये.

आंबटाचेही तसेच. चिंच, टोमॅटो, आमसूल डाळ शिजल्यावरच घालावे, कारण आम्लाने पेक्टिन विरघळायचे थांबते. मिठाने डाळ अडत नाही, ते कधीही घातले तरी चालते. वर्षानुवर्षे डब्यात पडलेली डाळ मात्र पाणी कितीही चांगले असले तरी नीट शिजत नाही.

फोडणी: सगळा खेळ क्रमाचा

पुस्तकात ‘नेहमीप्रमाणे फोडणी करावी’ असे तीन शब्द असतात. नवशिक्याला त्यातले ‘नेहमीप्रमाणे’च ठाऊक नसते.

मसाल्यांचा वास आणि रंग बराचसा तेलात उतरतो, पाण्यात फार थोडा. म्हणून फोडणी. पण प्रत्येक जिनसाला सोसणारी आच वेगळी. मोहरी कठीण कवचाची, तिला सर्वांत जास्त ताप लागतो. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन कवच फुटते, तेच तडतडणे. तेल तापले का हे पाहायला दोनच दाणे टाकावेत, ते तडतडले की बाकीचे. मग जिरे, मग हिंग, मग लसूण आणि कढीपत्ता. हळद त्यानंतर. लाल तिखट सर्वांत शेवटी, गॅस बंद करून, आणि लगेच त्यावर डाळ किंवा भाजी. तिखट काही क्षणांतच जळते, मग रंग काळपट आणि चव कडू.

करडईचे तेल असो की शेंगदाण्याचे, क्रम हाच. फोडणी जमली की वरण, आमटी, कढी, पोहे, पालेभाजी यांचा निम्मा भाग आलाच.

पिठले आणि भाकरी

पिठल्यात एकच अडचण, गुठळ्या. कोरडे बेसन उकळत्या पाण्यात पडले की प्रत्येक गोळ्याच्या बाहेरचा पिष्टाचा थर लगेच चिकट होतो आणि आत पाणी शिरत नाही. म्हणून एक वाटी बेसन आधी वाटीभर गार पाण्यात कालवून सरसरीत करावे, मग फोडणीत उकळणाऱ्या दोन वाट्या पाण्यात धार धरून ओतावे आणि दुसऱ्या हाताने ढवळावे. झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ द्यावी. कच्च्या बेसनाचा वास गेला की झाले.

भाकरीला मात्र थोडा धीर लागतो. गव्हात चिवटपणा देणारे ग्लूटेन असते, ज्वारीत ते नसते. मग ज्वारीचा उंडा एकत्र राहतो कसा? गरम पाण्याने. आधणाचे पाणी पडले की पिठातले पिष्ट फुगते, चिकट होते आणि तेच ग्लूटेनचे काम करते. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी पाणी, पण सगळे एकदम ओतू नये. पीठ किती जुने, किती जाड दळलेले, यावर पाणी कमीजास्त होते. आधी उलथन्याने कालवावे, हाताला सोसेल इतके निवले की तळव्याने रगडून मळावे. मळणे कमी पडले तर थापताना कडा चिरतात.

पीठ ताजे हवे. फार दिवसांच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापतानाच तुटते. घरात चौघे असतील तर आठवड्याला लागेल तेवढीच मालदांडी ज्वारी दळून आणावी.

थापलेली भाकरी पीठ लागलेली बाजू वर ठेवून तापल्या तव्यावर टाकावी आणि लगेच वरून ओल्या हाताने पाणी फिरवावे. पाण्याने वरचे कोरडे पीठ विरते आणि पृष्ठभाग सलग होतो. हे पाणी पूर्ण सुकायच्या आत भाकरी उलटायची. उशीर झाला की ती बाजू चिरते. दुसरी बाजू नीट भाजली की थेट जाळावर धरायची. दोन्ही बाजू सलग असतील तर आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडायला वाट नसते, ती पापुद्रा उचलते आणि भाकरी फुगते. फुगली नाही तर कुठेतरी चीर आहे, एवढाच त्याचा अर्थ. चवीला ती तशीच चांगली लागते. पहिले काही आठवडे लहान आकाराच्या भाकरी कराव्यात, त्या उचलताना मोडत नाहीत.

पुस्तकातले जिन्नस इथे न मिळाले तर

मराठी पुस्तकांत ओला नारळ आणि आमसूल पानोपानी असतात. आपल्याकडे मुबलक आहेत शेंगदाणे, तीळ, कारळे, जवस आणि चिंच. जिथे नारळ फक्त दाटपणासाठी आहे, तिथे निम्मे दाण्याचे कूट आणि थोडे भाजलेले सुके खोबरे चालते. सोलकढीसारख्या पदार्थात जिथे नारळच मुख्य आहे, तिथे बदल करू नये, तो पदार्थ सोडून द्यावा. तीन-चार आमसुलांच्या जागी सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ घालावा आणि चव घेत वाढवावा.

गोडा मसाला आणि इकडचा काळा मसाला एक नाहीत. गोड्यात धने, तीळ, खोबरे यांची सौम्य चव असते, काळा झणझणीत असतो. पुस्तकातले दोन चमचे गोडा मसाला म्हणजे आपला एक चमचा काळा मसाला धरून सुरुवात करावी आणि वेगळे तिखट घालू नये.

तिखटाचेही तेच. ब्याडगी मिरची रंगाला गडद आणि तिखटाला बेताची, गुंटूर नेमकी उलट. ‘दोन चमचे तिखट’ वाचून गुंटूरचे दोन चमचे घातले तर मुले ताटावरून उठतील. घरात लहान मुले असतील तर ब्याडगीचे तिखट आणावे आणि मोठ्यांसाठी शेंगदाण्याची चटणी वेगळी ठेवावी.

संध्याकाळचा पाऊण तास

पुस्तकात प्रत्येक पदार्थ सुटा असतो. ताटात ते एकत्र यायचे असतात, आणि हे जुळवणे कुठल्याच पानावर नसते. साधा नियम असा: ज्याला आपली गरज नाही ते आधी चढवायचे.

घरात शिरल्याबरोबर डाळ-तांदूळ धुवून भिजत घालावे. मग हातपाय धुणे, चहा, मुलांची दप्तरे. अर्ध्या तासाने एका शेगडीवर कुकर, दुसरीवर भाकरीचे आधण. कुकर होईपर्यंत पीठ मळून होते आणि कांदा, लसूण, मिरची चिरून होते. कुकर बंद करून दाब उतरेपर्यंत दोन्ही शेगड्या मोकळ्या: एकीवर तवा, दुसरीवर पिठले. शेवटी डाळ घोटून फोडणी. भाकरी आणि फोडणी ही दोनच कामे अशी, की तिथे उभे राहावेच लागते. दोघे घरी असाल तर ती वाटून घ्यावीत. मुलांना लसूण सोलणे, शेंगा फोडणे, वाटीने तांदूळ मोजणे जमते.

रविवारी तासभर काढून शेंगदाणे भाजून कूट करावे, आठवडाभराचा लसूण सोलावा, चिंचेचा कोळ करून थंड कपाटात ठेवावा. सकाळच्या घाईसाठी सुसला शिकून घ्यावा: चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे, वरून डाळ्याचे पीठ आणि लिंबू. दहा मिनिटांत डबा तयार होतो.

उरलेल्या भाताबाबत एक सावधगिरी. इकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. भातात राहणारे काही जिवाणू शिजवल्यावरही तग धरतात आणि उष्ण हवेत वाढून विष तयार करतात, ते पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणून उरलेला भात दोन तासांच्या आत थंड कपाटात जावा.

मागची कोरी पाने

वेळ अमावास्येची भज्जी, आंबील, उंडे, येसराची आमटी हे पदार्थ पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत क्वचितच सापडतात, आणि सापडले तरी आपल्या गावच्या चवीचे नसतात. ते लिहायला पुस्तकाच्या शेवटची कोरी पाने वापरावीत. गावी गेल्यावर आईला किंवा आजीला ‘प्रमाण सांगा’ म्हटले तर ‘अंदाजानं घालायचं’ असेच उत्तर मिळेल, कारण त्यांचे माप त्यांच्या मुठीत असते. म्हणून त्यांना विचारत बसू नये. त्यांनी भज्जीत पीठ घालण्याआधी त्यांची मूठ आपल्या मापाच्या वाटीत रिकामी करून घ्यावी, वाटी पाहावी, लिहावी आणि मग पीठ भांड्यात टाकावे. प्रत्येक जिनसाचे असे केले की एका दुपारी एक पदार्थ कागदावर येतो.

छापील कृतींच्या समासातही पेन्सिलीने लिहीत राहावे: ‘आपल्या कुकरला १२ मिनिटे’, ‘तिखट निम्मे’, ‘या पिठाला पाणी जास्त लागले’. नव्या पदार्थांच्या मागे लगेच धावू नये. पहिला महिना वरण-भात, पिठले, भाकरी, एक पालेभाजी आणि सुसला, एवढेच पुन्हा पुन्हा करावे. समासातल्या नोंदी बदलायच्या थांबल्या, की तो पदार्थ आपल्याला आला असे समजावे आणि पुढचे पान उलटावे.